साठ दिवसांचा घाम : एक परीक्षण

आमच्या शेजारी माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे एक सर राहतात. वय ४६. गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते काखेत लॅपटॉप आणि हातात तबकड्यांचा एक संच घेऊन आमच्याकडे आले. चहा पुढे येण्याआधीच त्यांनी विषय काढला. "तुम्ही संशोधक माणूस. हे बघा आणि सांगा, करू का नको? करायचं ठरलं तर दोघं मिळून करू. एकट्यानं माझ्याच्यानं होणार नाही."

तबकड्या त्यांच्या पुतण्याने अमेरिकेहून पाठवल्या होत्या. घरच्या घरी, कोणत्याही उपकरणाशिवाय, साठ दिवसांत शरीराचा कायापालट करण्याचे आश्वासन वेष्टनावर होते. सरांच्या प्रश्नामागे नुसते कुतूहल नव्हते. त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. शाळेत दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोहोचल्यावर फळ्याकडे वळण्याआधी आपल्याला क्षणभर थांबावे लागते, हे त्यांना त्या सत्रात जाणवू लागले होते. आमचीही स्थिती फार निराळी नाही. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात आणि व्यायामाचा संबंध बस पकडण्यापुरता उरला आहे.

पुस्तक वाचनीय आहे की नाही हे सांगण्याआधी परीक्षकाने ते वाचावे लागते. त्याच न्यायाने आम्ही दोघांनी ठरवले, की हातपाय हलवण्याआधी सगळ्या तबकड्या बसून पाहायच्या, वही घेऊन टिपणे काढायची आणि मग निर्णय घ्यायचा. त्या टिपणांतून हे परीक्षण तयार झाले. शिक्षकांसाठी ते लिहिण्याचे कारण असे, की वरच्या वर्गांतली मुले आज अशा कार्यक्रमांकडे मोठ्या ओढीने पाहतात आणि सल्ला विचारायला बहुधा आपल्याकडेच येतात.

कार्यक्रम काय आहे?

कार्यक्रमाचे नाव 'इन्सॅनिटी', म्हणजे सरळ मराठीत वेडेपणा. बीचबॉडी या अमेरिकी कंपनीने तो २००९ साली बाजारात आणला. शॉन टी हा त्याचा प्रशिक्षक. आठवड्यातून सहा दिवस व्यायाम आणि एक दिवस सुट्टी. पहिल्या महिन्यात रोज साधारण ४० मिनिटे, मग एक सौम्य आठवडा आणि दुसऱ्या महिन्यात रोज जवळजवळ तासभर. साठ दिवस म्हटले असले तरी वेळापत्रक नऊ आठवड्यांचे आहे. व्यायाम म्हणजे मुख्यतः उड्या, जागच्या जागी धावणे, बैठका, जोर आणि जोराच्या स्थितीतून उठून मारलेल्या उड्या. सारे अतिवेगाने आणि फार थोड्या विश्रांतीने करायचे.

प्रथम गुणांची नोंद केली पाहिजे. साहित्य लागत नाही, जागा दोन सतरंज्यांएवढी पुरते. कोणत्या दिवशी काय करायचे याचे छापील वेळापत्रक आहे. 'आज काय करू?' या प्रश्नापाशीच निम्म्या लोकांचा व्यायाम थांबतो, तो प्रश्न येथे उरत नाही. सुरुवातीला अंग तापवण्यासाठी व्यायाम आहेत, त्यानंतर ताण देणे आहे. मधे सौम्य आठवडा ठेवला आहे, म्हणजे स्नायूंना सावरायला वेळ लागतो याची जाण रचनाकाराला आहे. सर्वांत सुखद गोष्ट अशी, की प्रशिक्षकामागे व्यायाम करणारी तरुण मंडळी स्वतःच मधेमधे थांबतात, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतात. हे दाखवण्यात प्रामाणिकपणा आहे. साधारण दर पंधरवड्याला एक चाचणी आहे. आठ व्यायाम प्रत्येकी एक मिनिट करायचे आणि आकडे तक्त्यात लिहायचे. स्वतःचे मोजमाप ठेवण्याची ही सवय कोणत्याही विज्ञानशिक्षकाला आवडेल.

मात्र मोजमाप आले की मोजमापाचे प्रश्नही येतात. तिथूनच आमच्या टिपणांना टोक आले.

'पर्यंत' या शब्दाचे गणित

जाहिरातीत एक आकडा पुनःपुन्हा येतो : तासाला १००० उष्मांकांपर्यंत ज्वलन. येथे उष्मांक म्हणजे किलोकॅलरी. हा आकडा सरांनीच वहीत तपासायला घेतला.

शरीरात १ लिटर ऑक्सिजन वापरला गेला की सुमारे ५ उष्मांक ऊर्जा मोकळी होते. म्हणजे १००० उष्मांकांसाठी २०० लिटर ऑक्सिजन हवा. तो ६० मिनिटांत वापरायचा तर मिनिटाला ३.३ लिटर. सरांचे वजन ६० किलो. म्हणजे दर किलोमागे मिनिटाला सुमारे ५५ मिलिलिटर. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण तो थोड्याच वेळात पुन्हा भेटणार आहे. शारीरिक शिक्षणाचे पदवीचे शिक्षण घेणारा, रोज खेळणारा तरुण आपल्या क्षमतेच्या अगदी शिखरावर काही मिनिटे जेवढा ऑक्सिजन वापरू शकतो, साधारण तेवढा हा आकडा आहे. सरांनी तो तासभर, एकही क्षण न थांबता, वापरायचा!

हेच जिन्याच्या भाषेत मांडू. ६० किलो वजनाच्या माणसाने ३ मीटर उंचीचा एक मजला चढला तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेले कार्य ६० × ९.८ × ३, म्हणजे सुमारे १७६४ ज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश असते, उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. म्हणून एका मजल्याचा खर्च ढोबळमानाने २ उष्मांक. १००० उष्मांक म्हणजे सुमारे ५०० मजले. ५०० मजले म्हणजे १५०० मीटर. कळसूबाईच्या शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर आहे. समुद्रकिनाऱ्यापासून जवळजवळ तेवढी उंची एका तासात चढायची, असा या आकड्याचा अर्थ होतो.

मग जाहिरात खोटे बोलते का? तसे म्हणता येत नाही. १०० किलो वजनाच्या, उत्तम तयारीच्या माणसाला त्याच १००० उष्मांकांसाठी दर किलोमागे मिनिटाला ३३ मिलिलिटर ऑक्सिजन पुरतो, आणि ते त्याला जमू शकते. 'पर्यंत' हा शब्द अशा माणसाच्या आधारावर उभा आहे. वाचणारा मात्र तो शब्द गाळून आकडा तेवढा घेतो. जोमाच्या सर्वांगव्यायामाचा रूढ हिशेब तासाला दर किलोमागे सुमारे ८ उष्मांक असा आहे. त्या हिशेबाने सरांच्या पदरात ४८० पडतात, तेही ते पूर्ण तास टिकले तर. हा काही कमी व्यायाम नव्हे. जाहिरातीतल्या आकड्याच्या तो निम्मा आहे, इतकेच.

व्यायाम संपल्यानंतरही शरीर तासन्‌तास ऊर्जा जाळत राहते, असाही दावा अशा कार्यक्रमांच्या बाबतीत ऐकू येतो. यात तथ्य आहे, पण प्रमाण लहान आहे. मोजमापांचा एकत्र आढावा घेतला तर हा नंतरचा जादा खर्च प्रत्यक्ष व्यायामाच्या खर्चाच्या साधारण ६ ते १५ टक्के भरतो.

सर्वशक्तीने तीन मिनिटे?

कार्यक्रमाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते, की नेहमीची पद्धत येथे उलटी केली आहे. नेहमी थोडा वेळ जोर आणि जास्त विश्रांती असते, येथे सुमारे तीन मिनिटे जास्तीत जास्त जोर आणि अर्धा मिनिट विश्रांती. ऐकायला हे शूर वाटते. शरीरक्रियेच्या दृष्टीने मात्र 'तीन मिनिटे जास्तीत जास्त' या शब्दांत विसंगती आहे.

स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा तातडीचा साठा सर्वशक्तीने केलेल्या श्रमात पहिल्या दहा-एक सेकंदांतच बराचसा खर्ची पडतो. पुढे ग्लुकोजच्या ऑक्सिजनविरहित विघटनावर भर येतो. सव्वा मिनिटाच्या आसपासच्या श्रमात निम्मी ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने मिळालेली असते, आणि श्रम तीन मिनिटांपर्यंत लांबला की तिचाच वाटा मोठा होतो. प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा मिळण्याचा वेग उतरत जातो. धावण्याच्या विक्रमांत हे स्वच्छ दिसते. उसेन बोल्टने २००९ साली १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, म्हणजे सेकंदाला सरासरी १०.४ मीटर. हिशाम एल गेरूज १९९८ साली १५०० मीटर ३ मिनिटे २६ सेकंदांत धावला, म्हणजे सेकंदाला ७.३ मीटर. पहिल्याच्या सत्तर टक्के. जगातल्या सर्वोत्तम धावपटूलाही साडेतीन मिनिटे टिकायचे तर वेग तीस टक्क्यांनी उतरवावा लागतो. तेव्हा दिवाणखान्यात तीन मिनिटे 'जास्तीत जास्त' जोर लावणारा माणूस प्रत्यक्षात मध्यम ते तीव्र जोर लावत असतो. ते चांगलेच आहे. पण प्रशिक्षकाची आरोळी आणि शरीराची क्षमता यांत अंतर पडले, की शरीर शिस्त सोडून ते भरून काढू पाहते. पाठ वाकते, गुडघा आत वळतो, पाऊल आपटते.

अशा तीव्र व्यायामाच्या बाजूने सर्वांत जास्त उल्लेखला जाणारा प्रयोग जपानचा आहे. कानोया येथील राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांनी तो केला व १९९६ साली प्रसिद्ध केला. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास मध्यम जोराने स्थिर सायकल चालवली. दुसऱ्या गटाने २० सेकंद अतितीव्र आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या केल्या. तीव्र गटाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर किलोमागे मिनिटाला ७ मिलिलिटरने वाढली, मध्यम गटाची ५ ने. शिवाय ऑक्सिजनविरहित क्षमता तीव्र गटात २८ टक्के वाढली, मध्यम गटात लक्षणीय बदल झाला नाही. 'तासभराचे काम चार मिनिटांत' ही म्हण येथून निघाली.

प्रयोग चांगला आहे, तो नीट वाचला पाहिजे एवढेच. प्रत्येक गटात सात जण होते. सारे शारीरिक शिक्षण शिकणारे तरुण. मध्यम गट ५३ वरून ५८ वर गेला, तीव्र गट ४८ वरून ५५ वर. म्हणजे तीव्र गटाची सुरुवातच खालून होती आणि शेवटीही तो दुसऱ्या गटाच्या खालीच राहिला. वर ज्याला शिखर म्हटले तो ५५ चा आकडा येथे पुन्हा भेटतो. चार मिनिटांत अंग तापवण्याचा वेळ धरलेला नाही, आणि आठवड्यातला एक दिवस अर्ध्या तासाच्या मध्यम सायकलिंगचाही होता. सायकलवर बसून केलेल्या या व्यायामात उड्या नव्हत्या आणि सांध्यांवर आदळआपट नव्हती. तीव्र व्यायामाने थोड्या वेळात क्षमता वाढू शकते, हा निष्कर्ष यातून निघतो आणि नंतरच्या संशोधनानेही तो उचलून धरला आहे. ४६ वर्षांच्या, दहा वर्षे व्यायाम न केलेल्या माणसाने उद्यापासून साठ दिवस उड्या माराव्यात, हा निष्कर्ष यातून निघत नाही.

छायाचित्रात कोण नाही?

वेष्टनावर 'आधी' आणि 'नंतर' अशी छायाचित्रांची जोडी असते. आधी सैल पोट, साठ दिवसांनी कोरीव स्नायू. ही छायाचित्रे खरी आहेत असे आपण धरून चालू. प्रश्न वेगळाच आहे : छायाचित्रात कोण नाही?

दुसऱ्या आठवड्यात गुडघा धरून बसलेला माणूस त्यात नाही. तिसऱ्या आठवड्यात कंटाळलेला नाही. साठ दिवस पूर्ण करूनही फारसा बदल न झालेला नाही. सुरू करणारे किती आणि पूर्ण करणारे किती, हे कळल्याशिवाय ही छायाचित्रे काहीच सिद्ध करत नाहीत. शिकवणीवर्गाने निकालानंतर चौकात लावलेल्या फलकासारखाच हा प्रकार आहे. त्यावर पहिल्या वीस मुलांचे फोटो असतात, पण वर्गात मुले किती होती ते लिहिलेले नसते. शिक्षकांना ही युक्ती सांगायला नको.

चाचणीच्या आकड्यांचेही तसेच आहे. पहिल्या दिवशी एका मिनिटात अमुक उडी ३० वेळा जमली आणि साठाव्या दिवशी ५५ वेळा. पण चाचणीतल्या उड्या आणि रोजच्या व्यायामातल्या उड्या एकाच कुळीच्या आहेत. महिनाभर एकाच धर्तीची उदाहरणे सोडवून त्याच धर्तीची परीक्षा घेतली तर गुण वाढणारच. त्यात क्षमतेची वाढ किती आणि सरावाने आलेली सफाई किती, हे वेगळे काढता येत नाही. शिवाय एकच माणूस खेळाडू, पंच आणि गुणलेखक असतो. चाचणी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. तिच्या जोडीला वेगळे माप हवे, जसे सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी, किंवा ठराविक जिना ठराविक वेगाने चढल्यावर एका मिनिटाने मोजलेली नाडी.

धोक्याचे माप

आता सरांच्या खऱ्या काळजीकडे येऊ. अमेरिकेतील मिटलमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयविकाराचा झटका आलेल्या १२२८ रुग्णांना विचारले, की झटक्याआधीच्या तासात तुम्ही काय करत होतात? जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवीच्या तुलनेत सरासरी सुमारे ६ पट असल्याचे आढळले. खरा बोध गट पाडल्यावर होतो. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा जोरदार श्रम करणाऱ्यांत ही वाढ २.४ पट होती. आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांत ती १०७ पट होती.

हा आकडा ऐकून घाबरून खुर्चीतच बसून राहणे हा मात्र चुकीचा धडा होईल. पट म्हणजे गुणोत्तर, ते कशाच्या पट हेही पाहावे लागते. समजा मूळ धोका कोणत्याही एका तासात दहा लाखांत एक आहे. त्याच्या १०७ पट म्हणजे साधारण दहा हजारांत एक. प्रत्येक वेळेपुरता हा धोका लहानच आहे. आणि नियमित व्यायामाने तोच धोका १०७ पटींवरून २.४ पटींवर येतो, हे याच आकड्यांत दिसते. म्हणजे व्यायामाची भीती घालवण्याचा उपाय व्यायामच आहे, पण त्याला पायऱ्या आहेत. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच पहिल्या दिवशीचा धोका सर्वांत जास्त, असा हा पेच आहे. सरांसारख्यांना तो अधिक लागू पडतो, कारण दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतर देशांतल्या लोकांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात दिसले आहे.

दुसरा धोका तरुणांनाही आहे. सवय नसताना एकदम अति व्यायाम केला, विशेषतः उकाड्यात आणि पाणी कमी पिऊन, तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात. त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर आघात करू शकते. या विकाराला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी अंग दुखणे स्वाभाविक आहे. पण स्नायू सुजून हात-पाय वाकेनासे झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे. मे महिन्याच्या सुट्टीत पत्र्याच्या खोलीत दोन महिन्यांचा कार्यक्रम उरकू पाहणाऱ्या मुलांना हे लक्षण माहीत असलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट उड्यांची. ३० सेंटिमीटर उंचीवरून खाली आलेले शरीर गुडघे वाकवून १० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर जमिनीचे सरासरी बल शरीराच्या वजनाच्या ४ पट येते. गुडघे ताठ ठेवून ५ सेंटिमीटरमध्येच थांबवले तर ७ पट. उतरण्याची रीत बिघडली की भार असा वाढतो, आणि रीत बिघडते ती दमल्यावर. आपल्या घरांत खाली बहुधा फरशी असते, पाय अनवाणी असतात. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा विचार वेगळाच!

साठ वर्षांपूर्वीचा एक तक्ता

घरगुती व्यायामाचा कार्यक्रम ही काही नवी कल्पना नाही. कॅनडाच्या हवाई दलासाठी बिल ऑर्बन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस '५ बीएक्स' नावाचा कार्यक्रम रचला. पाच व्यायाम, रोज ११ मिनिटे, उपकरण नाही. त्यातील पाय ताठ ठेवून उठण्याचा आणि ताठ गुडघ्यांनी वाकून पायांना हात लावण्याचा व्यायाम पाठीला घातक म्हणून आज त्याज्य मानले जातात. पण त्याची रचना पाहण्यासारखी आहे. चढत्या अवघडपणाचे सहा तक्ते, प्रत्येकात बारा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर किमान किती दिवस राहायचे ते वयावर ठरलेले. विशीतल्याने दोन दिवस, तिशीतल्याने चार आणि चाळिशीतल्याने सात.

सरांनी लगेच गुणाकार केला. बारा पायऱ्या, सात दिवस, म्हणजे ८४ दिवस. सैनिकी शिस्तीच्या त्या कार्यक्रमाने सरांना साठाव्या दिवशीही पहिल्या, सर्वांत सोप्या तक्त्यावरच ठेवले असते! 'इन्सॅनिटी'त विशीतला खेळाडू आणि चाळिशीतला मास्तर पहिल्या दिवशी एकच तबकडी लावतात. आमच्या मते या कार्यक्रमाचा मुख्य दोष हा आहे. व्यायाम वाईट नाहीत, त्यांना पहिली पायरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्याला ७५ ते १५० मिनिटे जोरदार किंवा १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम पुरेसा मानला आहे. येथे शून्यावरून पहिल्याच आठवड्यात २४० मिनिटे जोरदार व्यायामावर उडी आहे.

आपल्याकडे औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरीरीने प्रसार केला. तोही घरी, उपकरणाविना करण्याचाच व्यायाम. संख्या आणि वेग आपल्या हाती ठेवता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण सूर्यनमस्कारांविषयीही फुगवलेले आकडे कानावर येतात. आपला म्हणून त्याला सूट देऊ नये. किती लोकांवर पाहिले, कोणाशी तुलना केली, सोडून गेलेल्यांचे काय झाले, हे प्रश्न तिथेही तेवढ्याच ठामपणे विचारावेत.

आम्ही काय ठरवले?

निर्णय असा झाला : आज नको. आणि 'कधीच नको' असेही नाही.

सर आधी डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. आणखी तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली, आणि डॉक्टरांनी चालण्याला हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर तीन महिने आम्ही दोघे रोज सकाळी अर्धा तास झपाट्याने चाललो. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवायचा, हे आमचे माप. आठवड्यातून दोनदा भिंतीला रेटून जोर, खुर्चीवरून ऊठबस आणि सावकाश सूर्यनमस्कार. चौथ्या महिन्यात डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोन दिवस अर्धा-अर्धा मिनिट जोरात जिना चढणे सुरू केले. मग एका शनिवारी तबकडी लावली. अंग तापवण्याचा भाग उड्या गाळून केला आणि पंधरा मिनिटांनी बंद केली. सर म्हणाले, "वेडेपणा हप्त्याहप्त्यानं केला तर परवडतो."

आज सर दुसऱ्या मजल्यावर न थांबता पोहोचतात. सकाळची नाडी ८४ वरून ७६ वर आली आहे. हा आकडा त्यांनी मोठ्या आनंदाने दाखवला तेव्हा आम्हाला नाइलाजाने सांगावे लागले, की त्यांना दिलेल्या गोळीनेही नाडी मंदावते. तेव्हा श्रेय चालण्याचे किती आणि गोळीचे किती, हे या एका माणसावरून सांगता येणार नाही. ते क्षणभर हिरमुसले. मग म्हणाले, "म्हणजे 'आधी' आणि 'नंतर'चा फोटो काढायचा नाही तर!"

वर्गात हा विषय निघालाच तर कार्यक्रमाचे नाव घेऊन निंदा करण्यापेक्षा मुलांच्या हाती चार प्रश्न द्यावेत. हा कार्यक्रम कोणावर तपासला आणि ते माझ्यासारखे होते का? कशाच्या तुलनेत फायदा झाला? किती जणांनी मधेच सोडला आणि का? माझी पहिली पायरी कोणती? चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही वेष्टनावर छापलेले नसते. ते ज्याचे त्याने, वय, वजन, सवय आणि घरातला आजाराचा इतिहास पाहून, गरज असेल तिथे डॉक्टरांना विचारून, काढायचे असते. सरांना ते दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर सापडले.